कोडाची फिर्याद आणि मीटरची साक्ष

मोटारीच्या इंजिनात ज्याच्यावर संशय चटकन जातो आणि ज्याची बाजू मांडावयास सहसा कोणी पुढे येत नाही, असा अवयव शोधू गेल्यास थ्रॉटलचा कोन कळविणाऱ्या लहानशा सेन्सरकडेच बोट दाखवावे लागेल. हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी धातूची एक गोल झडप असते; ॲक्सिलरेटरवर पाय पडला की तार ओढली जाऊन ती झडप फिरते, आणि तिच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला जी काळी डबी दोन स्क्रूंनी बसविलेली असते, तिच्या आत कार्बनमिश्रित लेपाच्या एका वक्र पट्टीवरून धातूची एक बारीक जिभली पुढेमागे घासत राहते. पट्टीच्या एका टोकाला संगणकाकडून आलेले पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ, आणि जिभली जेथे उभी असेल त्या जागेच्या हिशेबाने तिच्यावर येणारा विजेचा दाब. झडप मिटलेली असता तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो, पुरती उघडली असता चार-साडेचार व्होल्टपर्यंत चढतो.

एवढ्या एका आकड्यावरून संगणकाला चालकाचा मनोदय कळतो. इंजिनाने प्रत्यक्षात किती हवा ओढली हे सांगणारा सेन्सर निराळा. पण चालकाने काय मागितले, किती घाईने मागितले, की पाय अजिबात काढून घेतला, हे सांगणारा हाच. पाय एकदम दाबला गेला तर क्षणभर पेट्रोल वाढवून द्यावयाचे, उतारावर पाय उचलला तर ते तोडावयाचे, झडप पुरती उघडली तर काही मोटारींत वातानुकूलनाच्या कॉम्प्रेसरलाही तात्पुरती रजा द्यावयाची, असे नानाविध हुकूम या एका जबानीच्या आधारावर सुटत असल्यामुळे, ती जबानी मधेच अडखळली की इंजिन हिसके देऊ लागते, सिग्नलला उभे असता रेस आपोआप वरखाली होते, आणि कधीकधी ऐन चौकात मोटार बंद पडते.

माझ्या मोटारीवर असा प्रसंग गुदरला तेव्हा ती कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजात नेणे भाग पडले, आणि तेथे दोन जाणत्या माणसांत जो वाद झाला तो, उभी हयात दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात घालविलेल्या माझ्यासारख्या इसमास इतका ओळखीचा वाटला की त्याची नोंद करून ठेवावी असे मनाने घेतले. एक पक्ष गॅरेजच्या मालकांचा, ज्यांना सारे उद्यमनगर केवळ मेस्त्री म्हणून ओळखते. फियाटचा आणि ॲम्बॅसॅडरचा कार्ब्युरेटर डोळे मिटून जोडणारी त्यांची पिढी. दुसरा पक्ष तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या एका सरांचा. मेस्त्रींकडील पोरांपैकी दोघेतिघे त्यांच्याच हाताखालून गेलेले असल्याने सकाळचा चहा त्यांनी गॅरेजातच घ्यावा असा जणू करार ठरलेला होता.

मोटार दहा-बारा वर्षांची, तारेच्या थ्रॉटलची. तक्रार अशी की तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी तीस-चाळीसच्या वेगाने, पाय हलका ठेवून चालविताना ती झटके मारी. पाय दाबला की मात्र सुरळीत धावे. आंबा घाटात इंजिनाचा पिवळा दिवा एकदा लागला आणि पुढे आपोआप गेला. मेस्त्रींच्या पोराने स्टिअरिंगखालच्या जोडणीत स्कॅनर खुपसला, आणि पडद्यावर पी ०१२२ असा बिघाडाचा कोड उमटला.

मेस्त्री : झाले. थ्रॉटलचा सेन्सर गेला. राजारामपुरीतून मागवतो, अर्ध्या तासात गाडी घेऊन जा. साहेब, तुमचे लक्षणच ते सांगत होते. कोड फक्त कागदोपत्री.

सर : मेस्त्री, कोड काय म्हणतो ते आधी नीट वाचू या. या सेन्सरकडून येणारा दाब ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला, एवढेच तो म्हणतो. तो का खाली गेला याविषयी त्यात चकार शब्द नाही. संगणकाकडून पाच व्होल्टच निघत नसतील तरी हाच कोड पडेल. निघालेले पाच व्होल्ट वाटेत तुटत असतील तरी हाच. कपलरमधली पिन सैल होऊन मागे सरली असेल तरी हाच. सिग्नलची वायर कोठे घासून पत्र्याला लागत असेल तरी हाच. या साऱ्यानंतर सेन्सरची पट्टी झिजली असण्याची पाळी येते. पी ०१२३ पडला असता तर दाब वरच्या मर्यादेपलीकडे गेला असे समजलो असतो, पी ०१२१ पडला असता तर हवेच्या दाबाचा सेन्सर एक सांगतो आणि थ्रॉटलचा दुसरेच सांगतो असे समजलो असतो. पण यांपैकी कोणताही कोड डबी बदला असा हुकूम देत नाही.

येथे मला बोलल्यावाचून राहवेना. फिर्यादीत ज्याचे नाव आले तो गुन्हेगार, असा न्याय आमच्या दप्तरात कधी चालला नाही. फिर्याद म्हणजे तहकिकातीचा आरंभ, आणि संगणकाने लिहिलेला कोड ही तर त्याहूनही दुबळी चीज, कारण फिर्यादी इसमास निदान उलटतपासणीत प्रश्न विचारता येतात. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिले ते, दोघे शिकलेले एकत्र आले की काय होते ते ठाऊक असल्यासारखे.

मेस्त्री : साहेब, कोर्टात तारीख पडते. माझ्याकडे गाडी संध्याकाळी द्यावी लागते. सर म्हणतात ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण मी एक तास वायरी मोजत बसलो आणि शेवटी सेन्सरच निघाला, तर त्या तासाचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक पार्टाचे पैसे देते, पार्ट बसवण्याचे देते. बघण्याचे देत नाही. "तुम्ही नुसते बघितलेत, त्याचे कसले पैसे?" असे तोंडावर विचारते. आणि लक्षण तरी बघा. पाय हलका असताना झटका, दाबल्यावर नाही. शहरात गाडी चालते ती सारी अर्ध्या इंचाच्या पायावर. जिभली रोज त्याच जागी घासते. झिजणार तर तीच जागा झिजणार. हे मला मीटरने सांगायला नको.

हा युक्तिवाद साधा नव्हे. चुलीजवळचे भांडे आधी काळे पडते तसे, ज्या जागी जिभलीचा मुक्काम अधिक त्या जागीच पट्टीचा लेप प्रथम विरळ होतो, हे निरीक्षण मेस्त्रींनी पुस्तकातून घेतलेले नव्हते, आणि पुस्तकेही तेच सांगतात. कार्ब्युरेटरच्या काळात या माणसाने पायाखालच्या याच अर्ध्या इंचाची नाडी पाहिली होती. त्या काळी पाय दाबताच पेट्रोलची एक चिळकांडी उडविणारा छोटा पंप कार्ब्युरेटरमध्ये असे, आणि त्याचे चामडे सुकले की मोटार नेमकी अशीच अडखळे. विजेवर चालणाऱ्या इंजेक्शनने तो पंप काढून टाकला आणि त्याचे काम पट्टी आणि जिभलीकडे सोपविले. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही पद्धत १९६७ साली फोक्सवागेनच्या मोटारीत आली; या पद्धतीत पुढे थ्रॉटलच्या दांड्यावर दातेरी संपर्कांचा एक स्विच असे. पाय दाबला जाताना प्रत्येक दात्यागणिक इंजेक्टरला एकेक जादा ठोका मिळे. आमच्याकडे हा बदल पुष्कळ उशिरा, आणि तोही न्यायालयाच्या रेट्याने आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिल्लीच्या परिसरासाठी नव्या मोटारींच्या धुराची मर्यादा कडक केली आणि पाहता पाहता मारुती ८०० सारख्या गरिबाच्या मोटारीतही कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आले. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झालेली ही कोड सांगणारी यंत्रणा भारतातील प्रवासी मोटारींना लागू होण्यास २०१० साल उजाडले, आणि तिचा दुसरा, अधिक चौकस टप्पा २०१३ साली आला. मेस्त्रींच्या पिढीला स्कॅनर मिळाला तो असा अर्ध्या कारकिर्दीनंतर. मग त्याच्या पडद्यावर इंग्रजीत उमटलेले वाक्य म्हणजे वरिष्ठ कचेरीचा लखोटा असे पुष्कळांना वाटले तर त्यात नवल नाही.

सर : तुमचे अनुमान उत्तम आहे, मेस्त्री, आणि मी पैज लावावयाची म्हटली तर तुमच्याच बाजूने लावीन. पण हलक्या पायावर झटका देणारी कारणे आणखीही आहेत. हवेची नळी कोठे फाटली असेल, थ्रॉटलच्या तोंडाशी काजळी साचली असेल, एखादी इग्निशन कॉइल दमली असेल. ती राहू द्या. कोड पडला आहे म्हणून आपण विजेच्या वाटेनेच जाऊ. पाच व्होल्टचा हा पुरवठा पुष्कळ मोटारींत एकट्या थ्रॉटलचा नसतो. त्याच तारेवर हवेच्या दाबाचा सेन्सर बसलेला असतो, कधी वातानुकूलनाच्या वायूचा दाब मोजणाराही. त्यांपैकी एक आतून शॉर्ट झाला की पाच व्होल्टचे दीड व्होल्ट होतात, आणि निर्दोष असलेला थ्रॉटलचा सेन्सर बिचारा कोडात सापडतो. मी पाहिलेल्या एका मोटारीचा थ्रॉटल सेन्सर कोणी दोनदा बदलला होता. आम्ही एकेक कपलर काढीत गेलो. समोर रेडिएटरजवळचा वायूच्या दाबाचा सेन्सर सुटला आणि मीटर पुन्हा पाचवर गेला. दोन नव्या डब्या फुकट.

मेस्त्री : नवा लावून बघणे हीसुद्धा परीक्षाच झाली की, सर. गाडी नीट झाली तर तोच होता. नाही झाली तर तो नव्हता.

सर : ती परीक्षा होईल, पण दोन अटींवर. एक, नवा तो चांगलाच असेल याची खात्री हवी, आणि बाजारात मूळ कंपनीच्या खोक्यात काय भरून येते हे मी तुम्हाला सांगावे असे नाही. दुसरी अट अधिक कठीण आहे. डबी बदलताना तुम्ही कपलर काढता आणि पुन्हा दाबून बसविता. पिनांवर हिरवट थर असेल तर तो त्या घासण्यानेच खरवडला जातो, आणि जुनी डबी परत बसविली असती तरी मोटार आठवडाभर सुरळीत चालली असती. त्यात आणखी, काम करताना तुम्ही बॅटरीची तार सोडता. संगणकाने साठविलेला कोड आणि मिटलेल्या झडपेचा लक्षात ठेवलेला आकडा, दोन्ही पुसले जातात. तो नव्याने शिकू लागतो, पिवळा दिवा विझलेला दिसतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, आणि श्रेय मिळाले नव्या डबीला. पंधरवड्याने तेच गिऱ्हाईक परत येते, तेव्हा संशयाचे बोट डबीवरून उठून तुमच्यावर येते.

मेस्त्री क्षणभर गप्प बसले. कोकणातून घाट चढून येणाऱ्या मोटारींचे कपलर खारट दमट हवेने कसे हिरवे पडतात हे त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? आणि इंजिनाच्या उबेला येऊन बसणाऱ्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी त्यांच्या पोरांनी पावसाळ्यात किती वेळा जोडल्या असतील याची गणती नाही.

मेस्त्री : मोजा तर मग. चहा येईपर्यंत वेळ आहे. पण एक सांगतो, इलेक्ट्रिकल माल दुकानदार परत घेत नाही. म्हणून मीही उगीच मागवीत नाही. आंधळेपणाने पार्ट मारणारे गॅरेज निराळे.

पुढे जे घडले ते बारकाईने सांगितले पाहिजे. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता केवळ वीज चालू केली. सरांनी वायरच्या आवरणात सुई टोचू दिली नाही. टोचलेल्या जागेतून पाणी शिरते आणि आतले तांबे वर्षभरात सडते, हा त्यांचा आक्षेप. कपलर जोडलेलाच ठेवून, त्याच्या पाठीमागून वायरीलगत बारीक पिन सरकविली आणि तिला मीटर लावला. पहिली वायर : ४.९८ व्होल्ट, म्हणजे पुरवठा ठीक, आणि त्या तारेवरचे अन्य सेन्सरही आरोपमुक्त. दुसरी, अर्थची : बॅटरीच्या ऋण टोकापासून तेथवर फरक ०.०२ व्होल्ट. ही परीक्षा पुष्कळ जण गाळतात, असे सर म्हणाले. अर्थ कच्ची असेल तर सिग्नलचा आकडा मुळातच फुगतो, झडप मिटलेली असतानाही ती थोडी उघडी आहे असे संगणकाला भासते, आणि रेस खाली येत नाही. तिसरी, सिग्नलची : पाय उचललेला असता ०.५६. मग पोराने ॲक्सिलरेटर अगदी सावकाश दाबावयास सुरुवात केली आणि सर्वांनी मीटरकडे डोळे लावले. ०.६१, ०.७४, ०.९०, १.१२, असे आकडे चढत चढत ४.२५ वर गेले, आणि तसेच उतरले. पुन्हा केले, पुन्हा तसेच.

मेस्त्री : काय हो सर? तुमचा साक्षीदार तर आरोपीला सोडून देतोय.

सर : हा मीटर सेकंदाला दोनतीनदाच वाचन दाखवितो. मधे काही क्षणांसाठी दाब कोसळला तर तो त्याला दिसेलच असे नाही. स्कॅनरवर टक्केवारीचा आलेख पाहिला तरी तीच अडचण. ऑसिलोस्कोप असता तर पडद्यावर दरी उघड दिसली असती.

मेस्त्री : थांबा.

असे म्हणून ते आतल्या खोलीत गेले, आणि परत आले ते लाकडी पेटीतला एक जुना, काट्याचा मीटर घेऊन, ज्याच्या काचेवर एक आडवी चीर होती. सरांनी मान डोलविली, पण इशारा दिल्यावाचून त्यांना राहवले नाही; असा मीटर सर्किटवर स्वतःचा भार टाकतो, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनच्या सेन्सरला तो कदापि लावू नये, येथे मात्र पट्टीचा रोध काही हजार ओहम एवढाच असल्याने तो भार जाणवणार नाही. मेस्त्रींनी हे ऐकले असे वाटले नाही. दहा व्होल्टची श्रेणी लावून त्यांनी काटा स्थिर होऊ दिला आणि पोराला म्हणाले, "मुंगीच्या पावलाने दाब."

काटा अर्ध्या व्होल्टवरून सरकू लागला, एकाच्या खुणेपाशी येता येता शून्याकडे एकदम लवला, आणि पुन्हा उसळून वर आला. पोराने पाय मागे घेतला. परतीच्या वाटेवर त्याच जागी तीच लवण. तिसऱ्यांदा त्याच कोनात झडप धरून ठेवून मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डबीवर हलकेच टकटक केले, तेव्हा काटा थरथरला. मग, झडप स्थिर ठेवून, सरांनी कपलर हलविला, वायरीचा झुबका फायरवॉलपर्यंत पिळून पाहिला. काटा हलला नाही. पुरवठा, अर्थ, जोडणी आणि वायर, हे चौघे अशा रीतीने सुटले, आणि पट्टीवरील एका विशिष्ट जागेविरुद्ध पुरावा उभा राहिला.

नवी डबी आली. ती बसवून मिटलेल्या झडपेवरचा आकडा पाहिला, ०.५३, काट्याचा प्रवास आता तेथपासून शेवटपर्यंत अखंड होता. काही जुन्या मोटारींत स्क्रूंची छिद्रे लांबट असतात आणि डबी हाताने किंचित फिरवून तो आकडा जुळवावा लागतो. या मोटारीत ती गरज नव्हती. जुन्या डबीचे झाकण मेस्त्रींनी पक्कडीने उचकटले. आतल्या काळ्या चापाकृती पट्टीवर, आरंभापासून थोड्या अंतरावर, नखाएवढ्या लांबीत लेप घासून तकतकीत झाला होता आणि त्या चकाकीच्या मधोमध एक भुरकट रेघ होती. तेथून पुढे सारी पट्टी नव्यासारखी.

मेस्त्री : बघा, साहेब. सकाळी मी काय म्हणालो होतो?

सर : जे म्हणालात तेच निघाले. मी कोठे नाकारतो?

मेस्त्री : मग तासभर गेला कशासाठी? सकाळी बदलली असती तरी हीच गाडी अशीच नीट झाली असती. साहेबांना तेवढीच चालली असती. तुमच्या मोजण्याने गाडीत काय फरक पडला?

प्रश्न सरळ होता, आणि सरांना त्याचे उत्तर चटकन सापडले नाही याचे मला, त्यांचा पक्षकार असूनही, बरे वाटले. शास्त्राचे कैवारी पुष्कळदा अशा कथांत बाजी मारतात; अनुभवाचा माणूस फसतो आणि मीटरवाला त्याचे डोळे उघडतो. येथे तसे झाले नव्हते. अनुमान मेस्त्रींचे खरे ठरले, आणि जो पुरावा सरांना हवा होता तो सरांच्या नव्या मीटरने न देता मेस्त्रींच्या चिरलेल्या काचेच्या काट्याने दिला.

सर : या गाडीत फरक पडला नाही. फरक पडला तो तुमच्या हवाल्यात. आता ही मोटार महिन्याने परत आली, तर तुम्ही कोठून सुरुवात कराल? अर्थ पाहिली आहे, पुरवठा पाहिला आहे, वायरी पाहिल्या आहेत, हे तुमच्या वहीत आहे. सकाळी डबी बदलून दिली असती तर वहीत एवढेच राहिले असते की एक डबी बदलली. आणि हे पोर शेजारी उभे आहे. याने आज काटा लवताना पाहिला. तुमच्या कानाला जे कळते ते याला शिकवता यायचे नाही. काटा मात्र याला दाखविता येतो.

मेस्त्री : पोराला शिकवायचे पैसे साहेबांच्या बिलात लावू?

त्यावर सर्वच हसले, आणि थोडा वेळ बोलणे नव्या मोटारींकडे वळले, ज्यांत तारच उरलेली नाही. पायाखालच्या पेडलवर एक सेन्सर, झडपेवर एक लहान मोटर, आणि दोन्ही ठिकाणी दोनदोन स्वतंत्र सिग्नल, जे एकमेकांशी जुळले नाहीत तर पी २१३५ सारखा कोड पडून संगणक मोटारीला रांगावयास लावतो. तेथे जिभलीचे घासणेही पुष्कळदा नाही. चुंबकाच्या साहाय्याने स्पर्शावाचून कोन वाचला जातो. तेथे डबी निराळी मिळत नाही, पुरी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते, आणि तिची किंमत ऐकून आधी मोजावे ही बुद्धी मेस्त्रींनाही होते, असे त्यांनी आपण होऊन कबूल केले. मोजणीचा आग्रह म्हणजे अंशतः किमतीचा प्रश्न आहे हे त्या एका वाक्यात आले, आणि मला वाटते, दिवसभरात तेच सर्वांत प्रामाणिक वाक्य होते. वीज चालू असताना त्या झडपेत बोट घालू नका, मोटर ती अचानक मिटवील आणि बोट चेचेल, एवढे सरांनी पोराला जाता जाता बजावले.

मग बिल लिहावयास घेतले. सेन्सर एक. बसविण्याची मजुरी. सरांनी वाकून पाहिले आणि तिसरी ओळ घालावयास सांगितली : तपासणी.

मेस्त्री : तशी ओळ घातली की गिऱ्हाईक पेन काढून घेते. साहेब देतील, तुम्ही शेजारी बसला आहात म्हणून. उद्याचे गिऱ्हाईक नाही देणार. मी ते मजुरीतच धरतो. पार्ट आहे तोवर मजुरीत काहीही धरता येते.

सर : आणि पार्ट नसेल तेव्हा? आज जर सेन्सर चांगला निघाला असता, आणि कपलरमधली एक पिन नुसती पुढे ढकलून काम झाले असते, तर तासाभराचे काय लिहिले असते?

मेस्त्री : तेच तर मी सकाळपासून विचारतोय, सर. पिन ढकलायचे पाचशे रुपये कोणत्या ओळीत लिहायचे, ते तुम्ही सांगा.

सरांनी चष्मा पुसला. मी सांगितलेली रक्कम मोजून दिली, तिसरी ओळ माझ्या हाताने लिहून तिच्यासमोर आकडा घातला, आणि मेस्त्रींनी तो कागद घेऊन पोराला पुढची गाडी रॅम्पवर घ्यावयास सांगितले; तिचाही पिवळा दिवा लागलेला होता, आणि तिचा मालक विचारीत होता की नुसते बघायचे काही पैसे पडतात काय.